सांगिर ही मलयची बोली नाही

वर कुणीतरी सांगिर भाषा म्हणजे इंडोनेशियनचीच (म्हणजे मलयच्याच एका रूपाची) एक बोली असं म्हटलंय, ते अजिबात पटलं नाही. सांगिर बेटं सुलावेसीच्या उत्तरेला, देश इंडोनेशिया हे खरं, पण भाषा फिलिपिन्सच्या गटातली. सात-आठला मलयमध्ये तुजुह-दलापान, सांगिरमध्ये पितु-वालु, फिलिपिन्सच्या टागालोग भाषेत पितो-वालो, बघा कोण कोणाच्या जवळ! आणि फिलिपिन्समधल्या मिंडानाओ बेटाच्या दक्षिणेला सांगिल लोक राहतात त्यांची भाषा तर हिची सख्खी बहीणच.

अजून कुणी ससाहाराबद्दल, म्हणजे सांगिर लोकांच्या समुद्रावरच्या खास बोलीबद्दल, लिहिलं नाही म्हणून सांगतो, होडी समुद्रात गेली की हे लोक रोजचे कितीतरी शब्द बाजूला ठेवून वेगळेच वापरायचे, कारण समुद्रातल्या आत्म्यांनी आपला बेत ऐकून मोडू नये, आद्रियानी या डच अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे नोंदवलं म्हणून आपल्याला कळतंय, मला तर ही भाषेतली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.