क्वांटम-सुरक्षित वितरित खातेवही सभासदांना कशी समजावून सांगावी?

रावेरकर (प्रश्न):
आमच्या केळी उत्पादक कंपनीचे हिशेब मी पाहतो. कटाईनंतर काट्यावर भरलेल्या वजनाची पावती शेतकरी, व्यापारी आणि कंपनी अशा तिघांकडे राहते. गेल्या हंगामात एका पावतीवर १८ क्विंटलचे १६ क्विंटल कसे झाले, यावरून मोठा वाद झाला. आता एका विक्रेत्याने ‘क्वांटम-सुरक्षित वितरित खातेवही’ सुचवली आहे. सभेत ती समजावून सांगण्याची जबाबदारी माझ्यावर आहे आणि मलाच ती नीट उमगलेली नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

पांझराकाठ:
रावेरकर दादा, सभेत क्वांटमने सुरुवात करू नका, पावतीपुस्तकाने करा. वितरित खातेवही म्हणजे एकच वही सर्व भागीदारांच्या संगणकांवर सारखी ठेवलेली असते आणि नवी नोंद ठरलेल्या नियमाने सर्वांना पटल्यावरच तिच्यात चढते. प्रत्येक पानावर मागील पानाचा हॅश, म्हणजे त्यातील मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, लिहिलेला असतो. कोणी १८ चे १६ केले की त्या पानाचा ठसा बदलतो, पुढील पानावर नोंदवलेल्या ठशाशी तो जुळत नाही आणि खाडाखोड उघडी पडते. एखाद्याने आपल्या प्रतीतील पुढची सर्व पाने नव्याने लिहिली, तरी इतरांच्या प्रती त्याला खोटे पाडतात.

क्वांटम संगणकाचा, म्हणजे सूक्ष्म कणांच्या नियमांवर चालणाऱ्या नव्या प्रकारच्या संगणकाचा, धोका ठशापेक्षा नोंदीवरील डिजिटल स्वाक्षरीला अधिक आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाल्यास आरएसएसारख्या प्रचलित स्वाक्षरी-पद्धतींतील गुप्त किल्ली (सही करण्याचा, फक्त आपल्याजवळचा आकडा) उघड किल्लीवरून (सही तपासण्यासाठी सर्वांना दिलेल्या आकड्यावरून) काढता येईल, असे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले. म्हणजे आपल्या नावाने दुसराच कोणी सही करू शकेल. २५६ बिटांच्या (म्हणजे ० किंवा १ अशा २५६ अंकांच्या) ठशाची ताकद मात्र क्वांटम संगणकावर झटपट शोध घेण्याच्या ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या पद्धतीपुढेही सुमारे १२८ बिटांइतकी उरते आणि तेवढी पुरेशी मानली जाते. अशा स्वाक्षऱ्या फोडण्याएवढा मोठा क्वांटम संगणक आज कोणाकडे असल्याचे ज्ञात नाही, हेही सभासदांना स्पष्ट सांगावे, कारण भीती दाखवून माल खपवणे मला अयोग्य वाटते.

अमळनेरकर:
‘क्वांटम-सुरक्षित’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, तेव्हा नेमकी कोणती, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. पहिलीत संदेश कुलूपबंद करण्याची गुप्त किल्ली प्रकाशकणांवरून पाठवतात. वाटेत कोणी डोकावले तर कणांची अवस्था बिघडते आणि चोरी लक्षात येते. बेनेट आणि ब्रासार्ड यांनी ही रीत १९८४ मध्ये मांडली. डीआरडीओ व आयआयटी दिल्ली यांनी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल अशा १०० किलोमीटरहून लांब प्रकाशवाहक तंतूवर तिचे प्रात्यक्षिक केले. परंतु तिला खास उपकरणे आणि प्रकाशाची थेट वाट लागते, जी आपल्या बांधावर येणार नाही. दुसरी रीत निव्वळ गणिताची, म्हणजे क्वांटम संगणकालाही अवघड मानल्या जाणाऱ्या कोड्यांवर बेतलेल्या स्वाक्षऱ्यांची, असून साध्या संगणकावर चालते. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अशा स्वाक्षऱ्यांची मानके जाहीर केली आहेत. आपल्या कंपनीला हीच पुरेल.

रावेरकर:
आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. एकच शंका उरते: काट्यावरच वजन चुकीचे भरले तर?

पांझराकाठ:
तर चुकीचे वजनच कायमचे सुरक्षित होईल, दादा. म्हणून नोंद संध्याकाळी कार्यालयात न करता काट्याजवळच, शेतकरी आणि व्यापारी दोघांच्या स्वाक्षरीने व्हावी. चूक निघाल्यास जुनी नोंद न पुसता खाली दुरुस्तीची वेगळी नोंद करण्याची सोय आहे का, हेही विक्रेत्याला विचारावे.