मदत हवी आहे: एअरसॉफ्ट खेळताना गॉगलवर वाफ धरते, आत चष्माही आहे

ढापण्या:

नमस्कार मंडळी. हा धागा क्रीडा विभागात टाकावा की तंत्रज्ञानात ते कळेना. संपादकांनी योग्य तिथे हलवावा.

मी यॉर्कशायरमध्ये असतो. ऑफिसातल्या पोरांच्या नादाने एअरसॉफ्टला जायला लागलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हुबेहूब बंदुकीसारख्या दिसणाऱ्या यंत्रातून सहा मिलिमीटरच्या प्लास्टिकच्या गोळ्या (सगळे बीबी म्हणतात) एकमेकांवर मारायच्या. गोळी लागली की हात वर करून 'हिट' ओरडायचं आणि मुकाट बाहेर जायचं. पेंटबॉलसारखा रंग लागत नाही, त्यामुळे सगळा कारभार प्रामाणिकपणावर. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने करायचे हे उद्योग नव्हेत असं बायकोचं मत आहे, तो वेगळा धागा होईल.

आता अडचण. माझा नंबर उणे साडेपाच. चष्म्यावरून बसतो असा मोठा गॉगल घेतलाय, खाली नाकातोंडावर कापडी मास्क, कारण बीबीने पुढचे दात तुटल्याच्या गोष्टी इथे सगळ्यांकडे आहेत. मैदान म्हणजे जंगल, नोव्हेंबरात सहा-सात अंश आणि सगळं ओलं. धावतोय तोवर ठीक. झाडामागे दबा धरून बसलो रे बसलो की अर्ध्या मिनिटात समोरचा माणूस म्हणजे नुसता हिरवा डाग. मैदानात गॉगल कपाळावर सरकवायची सक्त मनाई (बरोबरच आहे). म्हणजे पुसायचं तर सेफ झोनपर्यंत (गोळीबार बंद असलेली, गॉगल काढता येणारी जागा) परत चालत जायचं, तोवर डाव संपलेला.

दुकानातला अँटी-फॉग स्प्रे मारून झाला, भांड्यांचा साबण लावून झाला. तेवढ्यापुरता फरक पडतो. साइटवरचे जुने खेळाडू सांगतात जाळीचा गॉगल घे. एकजण म्हणाला, ड्रिलने काचेला वरून भोकं पाड, आणि फोम काढून टाक. डोळे दोनच आहेत, म्हणून इथे विचारतोय. जाळी खरंच सुरक्षित आहे का? दुहेरी काचेच्या गॉगलला पैसे घालावेत का? पंख्याचे गॉगल कुणी वापरलेत?

रानमांजर:

जाळीचा घे आणि मोकळा हो. काचच नाही तर वाफ धरणार कशाला? मी तोच वापरतो.

वर्कशॉपवाला:

थांबा, थांबा. मी भोसरीत कारखान्यात सेफ्टी बघतो, एअरसॉफ्टचा गंध नाही, पण गॉगल रोज हाताळतो. भोकं पाडायची गोष्ट डोक्यातून काढून टाका. पॉलिकार्बोनेटला (गॉगलची 'काच' ज्या प्लास्टिकची असते त्याला) भोक पाडलं की त्याच्या कडेपासून बारीक चिरा जायला सुरुवात होते, आणि पुढचा मार नेमका तिथे बसला तर काच तिथूनच दगा देते.

आधी तुमच्या काचेच्या कडेला काय कोरलंय ते भिंग लावून वाचा. युरोपात ईएन १६६ हे मानक होतं, आता त्याच्या जागी ईएन आयएसओ १६३२१ आलंय, पण वापरातल्या बऱ्याच गॉगलवर जुन्याच खुणा असतात. ईएन १६६ मध्ये 'एफ' म्हणजे ०.८६ ग्रॅमची, सहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून घेतलेली चाचणी. 'बी' म्हणजे तीच गोळी १२० मीटरने. शेवटी 'एन' असेल तर वाफेची चाचणीही पास झालेली आहे. तुमच्या साइटवर बंदुकीची मर्यादा किती आहे ते सांगा, मग बोलू.

ढापण्या:

०.२० ग्रॅमच्या बीबीला सेकंदाला ३५० फूट. स्नायपरवाल्यांना ५०० फूट, पण त्यांना ठरावीक अंतराच्या आत मारायला बंदी.

वर्कशॉपवाला:

म्हणजे गोळीची ऊर्जा १.१४ ज्यूल, आणि स्नायपरची साधारण २.३. आता गणित बघा. 'एफ'ची चाचणी होते ०.८७ ज्यूलवर, 'बी'ची ६.२ वर. साध्या सेफ्टी चष्म्यावर 'एफ' असतो. तो फुटेलच असं नाही, पण तुमच्या खेळातला मार सोसतो याचा पुरावा त्या अक्षरात नाही. 'बी' नसेल तर वाफेचं नंतर बघू, आधी गॉगल बदला.

जाळीबद्दल: अख्खी गोळी अडते, पण ठिसूळ गोळी जाळीवर फुटली तर तिचा चुरा आत येतो. रानमांजर यांना आजवर त्रास झाला नसेल, तरी मी माझ्या माणसांना जाळी देणार नाही.

रानमांजर:

चुरा येतो हे खरं आहे. मी आत साधा सेफ्टी चष्मा घालतो.

वर्कशॉपवाला:

मग त्याच्यावर वाफ धरत नाही का? :)

मावशी_ऑनलाइन:

कापलेला बटाटा चोळून बघा. आमच्याकडे पावसाळ्यात स्कूटरच्या काचेला हेच करतात.

दवबिंदू:

स्प्रे, साबण, बटाटा, सगळीकडे रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय. काच बिचारी जागच्या जागी आहे, खोडी मास्कमध्ये आहे.

आपण नाकातोंडाने बाहेर सोडतो ती हवा साधारण ३४ अंशांची आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. काच बाहेरून सहा-सात अंशांच्या गारठ्याला टेकलेली. आतून कितीही ऊब मिळाली तरी ती ३४ च्या जवळ जात नाही, त्यामुळे श्वासाचा झोत तिच्यावर गेला की पाणी बसणारच. साबणाने पाणी बसायचं थांबत नाही. सुटे थेंब न राहता त्याचा सलग पातळ थर होतो, आणि त्यातून आरपार दिसतं, एवढंच. पण खालून वाफ येतच राहिली तर तो थर साबणासकट ओघळतो आणि घामाबरोबर डोळ्यात उतरतो.

कापडी मास्क श्वासाने ओला झाला की त्यातून हवा नीट जात नाही. मग ती नाकाच्या दोन्ही बाजूंनी वर वाट काढते, थेट गॉगलच्या खालच्या फटींत. धावताना वारा ती उडवून नेतो. तुम्ही दबा धरून बसता तेव्हा अंग तापलेलं, श्वास जोरात आणि वारा बंद, म्हणून नेमकी तेव्हाच पंचाईत.

एक करून बघा. सगळा सरंजाम घालून घराबाहेर गारठ्यात उभे राहा, दोन-चार मिनिटं जागच्या जागी धावा, मग थांबा आणि कुणाला तरी समोरून बघायला सांगा. आधी कशावर धरतं, गॉगलवर की चष्म्यावर? आणि खालून वर चढतं की एकदम सगळीकडे? खालून चढलं तर श्वास. वरून किंवा सगळीकडे आलं तर बहुतेक कपाळाचा घाम.

दुहेरी काच कामाची आहे. तुमच्याकडच्या खिडक्यांचं डबल ग्लेझिंग तेच: मधली हवा थंडी अडवते, आतली काच ऊबदार राहते. फक्त ती पाण्यात बुडवून धुऊ नका, मधल्या पोकळीत पाणी शिरलं की गॉगल गेला. आणि आतल्या बाजूला कंपनीचा अँटी-फॉग थर असेल तर तो ओला असताना पुसायचा नाही, वाळू द्यायचा. त्यावर साबण, स्प्रे काहीही नको.

पीपीई_२०२०:

दवबिंदू यांच्याशी शंभर टक्के सहमत. २०२० मध्ये मुंबईत कोविड वॉर्डात तासन् तास गॉगल घालून काढलेत. मास्कची वरची कड नाकावर चिकटपट्टीने बंद केली की निम्मं काम व्हायचं. तुमच्या खेळात घामाने पट्टी टिकेल का, शंका आहे.

स्प्रेबद्दल थोडं अवांतर: अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०२२ मध्ये चष्म्यासाठीचे काही अँटी-फॉग स्प्रे आणि कापडं तपासली, तेव्हा त्या सगळ्यांत पीफास गटातली (सहजी न विघटणारी, तब्येतीला घातक ठरू शकणारी) रसायनं सापडली होती. डोळ्यांशेजारी रोज फवारायच्या आधी बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा.

ढापण्या:

मंडळी, दंडवत! काचेवर 'बी' आहे, 'एन' नाही. गारठ्यात उड्या मारल्या, बायकोने निरीक्षण केलं (आणि शेजाऱ्यांनीही). वाफ गॉगलवरच आधी धरते, खालून वर. चष्म्याला बराच वेळ काही होत नाही.

कापडी मास्क काढून खालचा अर्धा चेहरा झाकणारा तारेच्या जाळीचा मास्क घेतला, नाक मोकळं. रविवारी सकाळचे डाव चक्क शेवटपर्यंत दिसले! दुपारनंतर मात्र कपाळाकडून धूसर व्हायला लागलं. आता ते कसं थांबवू?

रानमांजर:

कपडे कमी कर. नवखे सगळे थंडीला भिऊन जाड जाकीट घालतात आणि दहा मिनिटांत भिजतात. सुरुवातीला थोडं कुडकुडायला हवं. कपाळाला टॉवेलची पट्टी बांध, पण गॉगलच्या फोमखाली येऊ देऊ नकोस, फट राहते. आणि जेवणाच्या सुट्टीत गॉगल गाडीच्या थंड डिकीत टाकू नकोस, जाकिटाच्या आत ठेव. पंखेवाला मी वापरलाय. चालतो, पण दबा धरून बसल्यावर कानाशी गुणगुण, आणि बॅटरी ऐन वेळी मान टाकते.

दवबिंदू:

पंख्याआधी चष्मा बाहेर काढायचं बघा. गॉगलमध्ये जितकी जागा मोकळी तितकी हवा खेळते. खेळापुरत्या रोज फेकायच्या कॉन्टॅक्ट लेन्स मिळतात, उणे साडेपाच नंबर त्यात सहज मिळायला हवा. लेन्स जमत नसतील तर काही गॉगलना आत अडकवायची नंबरची छोटी फ्रेम येते, पण ती काचेच्या जवळ बसते आणि तिच्यावरही वाफ धरू शकते. आधी लेन्सच बघा. चष्मेवाल्याकडे तपासणीला जाल तेव्हा चिखलात, घामात खेळतो हे आधी सांगा, आणि लेन्स घालायच्या-काढायच्या आधी हात धुवायला सेफ झोनमध्ये पाणी-साबण आहे का तेही बघून ठेवा.

ढापण्या:

शुक्रवारची वेळ घेतली आहे. साइटवर नळ आहे, साबण घरून नेईन. भांड्यांचा नव्हे.