डेब्यूसीचे पियानो प्रेल्यूड: कुठलं रेकॉर्डिंग ऐकू?

मंद्रसप्तक:
आम्ही सवाईला जाणारी माणसं, पाश्चात्त्य संगीतात कधी शिरलोच नाही. परवा कोथरूडला मित्राकडे इटालियन पियानोवादक मिकेलान्जेलीने वाजवलेला, डेब्यूसी ह्या फ्रेंच संगीतकाराच्या प्रेल्यूडचा (पियानोसाठीच्या छोट्या रचनांचा) पहिला संच ऐकला, १९७८ चं रेकॉर्डिंग, आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. पण ह्यात धरायचं काय तेच कळत नाही, ना मुखडा ना समेवर येणं, एक सूर विरायच्या आत दुसरंच काहीतरी सुरू. कुठून सुरुवात करू? आणि हेच ऐकत राहू की अजून कोणाचं घेऊ?

पेटीवाला:
पहिल्या संचातले सगळे १२ प्रेल्यूड एका बैठकीत ऐकू नका हो. दुसरा, 'व्वाल', तेवढाच घ्या आणि चारपाचदा ऐका. सुरुवातीलाच खाली मंद्रात एक सूर येतो तो जवळजवळ शेवटपर्यंत हटत नाही, आपला कान त्याला लगेच षड्ज धरतो. तो सा धरला तर वरचे स्वर रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. पंचमच नाही, शुद्ध मध्यमही नाही, त्यामुळे टेकायला जागा मिळत नाही, आणि हे डेब्यूसीने मुद्दाम केलंय. मग मधेच फक्त काळ्या पट्ट्यांवरचे पाच स्वर येतात आणि लख्ख उजेड पडतो.

भूपाळी_पुणे:
मी तर म्हणेन आधी 'पागोद' ऐका, डेब्यूसीच्याच १९०३ च्या 'एस्ताम्प' ह्या पियानो रचनांच्या संचातलं पहिलं. १८८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याने जावाचं गॅमेलान (तिथला घंटा-झांजांचा वाद्यवृंद) ऐकलं होतं, त्याचा ठसा इथे स्पष्ट आहे. सुरुवातीचे स्वर बघाल तर सा रे ग प ध, भूपाचेच, पण भूप नव्हे, ते चलन नाही, बढत नाही. आणि पेटीवर काढून काही कळणार नाही, तिथे बोट उचललं की सूर संपला, इथे सगळी जादू पियानोच्या पायाखालच्या पेडलची, आधीचे सूर मागे घुमत राहतात त्यातून पुढचा उगवतो.

रात्रपाळी:
रेकॉर्डिंगचं बोलायचं तर मिकेलान्जेली थोरच, प्रत्येक सूर काचेसारखा स्वच्छ. पण नवीन कानाला मी पियानोवादक वाल्टर गीजकिंगचं रेकॉर्डिंग देईन. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचं, मोनो, आवाज जुना आहे, पण सूर एकमेकांत असे मिसळतात की तुकडे जाणवतच नाहीत. शिवाय डेब्यूसीने स्वतः वाजवलेले पियानो रोल (वादन भोकांच्या रूपात नोंदवलेल्या कागदाच्या गुंडाळ्या) आहेत, १९१३ च्या सुमाराचे, त्यातलं 'बुडालेलं कॅथीड्रल' नक्की ऐका, पहिल्या संचातलं दहावं. छापील नोटेशन बघितलं तर लय एकच, पण तो स्वतः काही भाग चक्क दुपटीने वाजवतो. बरेच पियानोवादक आता तसंच वाजवतात, आणि मला तेच पटतं, नाहीतर मधला भाग फार रेंगाळतो.

मंद्रसप्तक:
मनापासून आभार सगळ्यांचे, गीजकिंगचं आजच लावतो. पेटीवाले, ती पाच स्वरांची जागा साधारण कुठे येते?

पेटीवाला:
दोन तृतीयांश झाल्यावर. लय एकदम मोकळी सुटते, चुकणार नाही. खालचा सूर तेव्हाही चालूच असतो, तिकडे लक्ष ठेवा.