मदत हवी आहे: इंजिन ऑइल इनटेकमध्ये जातंय, घरगुती कॅच कॅन (वाफेतलं ऑइल अडवून साठवणारा डबा) चालेल का?

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल गाडी जुनी आहे, टर्बो नाही. थ्रॉटल बॉडी साफ केली की थोड्याच दिवसांत पुन्हा तेलकट होते, ब्रीदर पाइपमध्येही (इंजिनातली वाफ बाहेर काढणारा पाइप) ऑइल साचतं. पीसीव्ही व्हॉल्व्ह (हीच वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा) नवा टाकलाय. ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर ब्लो-बाय (पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारा वायू) वाढणारच, म्हणून कॉम्प्रेशन टेस्ट करून घेणार आहे.

तोवर मुंबईच्या नागदेवी बाजारातून एअर कॉम्प्रेसरचा मॉइश्चर सेपरेटर (हवेतलं पाणी वेगळं करणारा) आणून कॅच कॅन म्हणून व्हॉल्व्ह आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बसवायचा विचार आहे. पण त्याची प्लॅस्टिकची वाटी बॉनेटखालच्या उष्णतेत आणि ऑइलच्या वाफेत तडकणार नाही ना? तडकली तर व्हॅक्यूम लीक होणार, आयडलिंग बिघडणार. आत भांडी घासायची स्टीलची घासणी भरा असं काही जण सुचवतात. तिचे तुकडे सिलिंडरमध्ये गेले तर? मला ती भीती खरीच वाटते.

ब्रीदर उघडा सोडायचा सल्ला कृपया देऊ नका, ती वाफ आपल्याच मुंबईच्या हवेत जाते.

कोणी धातूची वाटी वापरली आहे का? होज कोणता घेतला? पावसाळ्यात पाणी मिसळून दुधाळ झालेला गाळ किती दिवसांनी काढावा लागतो?