फ्लो डायव्हर्टर: कोटिंग असूनही गुठळ्या का?

प्रश्न: माझा फ्लो डायव्हर्टर (मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या फुगवट्यापासून रक्तप्रवाह वळवणारी, तारांनी विणलेली नळीसारखी जाळी, म्हणजे स्टेंट) नायटिनॉल या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूचा आहे. त्यावर गुठळ्या रोखण्यासाठी पॉलिमर कोटिंग आहे. तरी चँडलर लूपमध्ये (रक्त भरून फिरवायच्या नळीच्या कड्यात) कोटिंग नसलेल्याइतक्याच गुठळ्या दिसतात. कुठे पाहू?

उत्तर १: आधी हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) पाहा. फार कमी असेल तर सगळंच गोठतं, जास्त झालं तर सगळंच स्वच्छ दिसतं. मिलिलिटरला १ युनिटपासून सुरुवात करा. रक्त ताजं, ४ तासांच्या आतलं हवं. सोबत रिकामा लूपही फिरवा. त्यातच गुठळी झाली तर दोष स्टेंटचा नाही.

उत्तर २: स्टेंट मायक्रोकॅथेटरमधून (तो रुग्णात नेणाऱ्या बारीक नळीतून) ढकलून मगच तपासताय ना? विणीतल्या तारा एकमेकींवर घासतात तिथे कोटिंग सोलतं, उघड्या धातूवर प्लेटलेट (गुठळी सुरू करणाऱ्या रक्तपेशी) चिकटतात. तारांच्या छेदांवर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लावा. नमुना निर्जंतुक केलेलाच घ्या, त्या प्रक्रियेतही कोटिंग बदलतं.

प्रश्नकर्ता: नाही, थेट लूपमध्ये घातला होता. आता ढकलून, कोटिंग असलेला आणि नसलेला असे दोन्ही स्टेंट एकाच दात्याच्या रक्तात तपासतो.