बुश डान्सला वाजवणाऱ्यांचे अनुभव : लिहा मंडळी

सकाळी पेटीचे सूर (आतल्या धातूच्या पट्ट्या) पुसायला घेतले आणि ऑस्ट्रेलियातली कॉन्सर्टिना आठवली, दोन्ही हातांत धरून वाजवायची भात्याची छोटी पेटी. तिथल्या खेड्यांतल्या नाचांना, म्हणजे बुश डान्सला, ज्यांनी वाजवलंय, त्यांनी हातातलं लिहा.

सुरुवात करतो. वीस बटणांच्या अँग्लोला (कॉन्सर्टिनाचा एक प्रकार) भाता दाबताना एक सूर, ओढताना दुसरा. माईक नसायचा, म्हणून जुने वादक चाल दोन्ही हातांनी, सप्तकाच्या अंतराने वाजवत. पायांच्या आवाजातूनही ती ऐकू जाते. न्यू साउथ वेल्समधल्या डुनेडूचे जुने कॉन्सर्टिनावादक डूली चॅपमन यांचं वाजवणं ऐकाच. नवा माणूस अडकतो भात्यात. एकाच दिशेचे सूर लागोपाठ आले की हवा संपते. उजव्या अंगठ्याखालचं हवेचं बटण आधीच, हळूच दाबायचं. उशीर झाला की सूर दबतो आणि नाचणाऱ्यांचं पाऊल चुकतं.

तालवेडी
हील अँड टो पोल्का हा जोडीनाच : टाच-बोट, टाच-बोट, चार सरक्या. तेच उलट बाजूला. मग जोडीदाराशी टाळ्या, उजव्या हाताने तीन, डाव्याने तीन, दोन्हींनी तीन, आणि आपल्या गुडघ्यांवर तीन. कोपरात कोपर घालून गिरकी, पुढचा जोडीदार. सोळा मात्राखंड झाले की पुन्हा पहिल्यापासून. लय वाढवली की गुडघ्यांची टाळी हमखास सुटते. वाजवणाऱ्याने पायांकडे बघावं, बोटांकडे नाही!!

सुतारकाम
लॅगरफोन, म्हणजे ताल धरायचा बुचांचा खुळखुळा, कोणीच लिहिला नाही? झाडूचा दांडा, बिअरच्या बाटल्यांची बुचं, एका स्क्रूला दोन, पाठीला पाठ. भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं, घट्ट आवळलं की खुळखुळ मेली. खाली रबर. वॉल्ट्झला (तीन मात्रांचा नाच) फक्त पहिल्या मात्रेवर आपटा, सारखं हलवलं तर चाल बुडते.

घाईत
व्हिक्टोरियात नारिएल क्रीकला १९६३पासूनचा मेळा आहे, कॉन क्लिपेल यांच्या बटण-अकॉर्डियनचं गाव. जुने नाच शिकायला तिथेच जा. लाकडी जमिनीवर मेणबत्तीचा कीस पसरतात, पण अगदी थोडा, नाहीतर माणसं घसरतात. कुकर झाला, येते.

नवशिका
विषय सोडून विचारतोय दादा, पेटीचे सूर पुसता कशाने?

धागाकर्ता
कोरडा मऊ ब्रश. पाणी अजिबात नको, गंज धरतो. पट्टी खरवडू नकोस रे. टोकाला घासली तर सूर चढतो, मुळाशी घासली तर उतरतो. कॉन्सर्टिनालाही हेच.