ध्रुवीय विज्ञान शिकवायला चित्रफीत हवी की आकड्यांची फाइल?

उत्तरायण

मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. ध्रुवीय प्रदेशांविषयी इंटरनेटवर मिळणारे शैक्षणिक साहित्य गेली तीन वर्षे नववीच्या वर्गात वापरून पाहिल्यावर माझे एक मत बनले आहे आणि ते येथे वादासाठी मांडते. कोसळणारे हिमकडे, बर्फाच्या तुकड्यावर एकटे उभे असलेले अस्वल आणि मागे गंभीर संगीत, अशा चित्रफिती पाहून मुले हळहळतात, घंटा होते आणि विषय संपतो. याउलट जिला ना रंग ना रूप अशी मोजमापांची कच्ची फाइल हाती दिली, की तीच मुले प्रश्न विचारू लागतात.

कोणती फाइल, तेही सांगते. अमेरिकेत कोलोरॅडोतील बोल्डर येथे राष्ट्रीय हिम व बर्फ विदा केंद्र आहे. दोन्ही ध्रुवांभोवतीच्या समुद्रावर किती क्षेत्रात बर्फ आहे, याच्या ऑक्टोबर १९७८ पासूनच्या नोंदी हे केंद्र कोणालाही मोफत देते. दर दिवसाला एक ओळ असते: वर्ष, महिना, दिवस आणि दशलक्ष चौरस किलोमीटरमध्ये विस्तार. पहिल्या वर्षी मी त्यातला काही भाग छापून वाटला, तेव्हा पाचदहा मिनिटांतच मागच्या बाकावरून शंका आली, की बाई, तारखा एक दिवसाआड का आहेत? ऑगस्ट १९८७ पर्यंत त्या खरोखरच तशा आहेत, पुढे रोजच्या होतात. दुसऱ्या एका मुलीने डिसेंबर १९८७ ते जानेवारी १९८८ या काळातले कित्येक आठवड्यांचे भगदाड शोधून काढले.

मी योजलेला तास बाजूला राहिला आणि आम्ही उपग्रहांकडे वळलो. हे उपग्रह बर्फाचे छायाचित्र काढत नाहीत, पृष्ठभागातून निघणारे सूक्ष्मतरंग मोजतात, म्हणूनच ध्रुवावरच्या लांबलचक रात्रीत आणि ढगांआडूनही मोजणी चालू राहते. पहिल्या उपग्रहावर विजेची ओढाताण असल्याने ते उपकरण एक दिवसाआड चालवावे लागे, आणि भगदाडाच्या काळात त्याच्या जागी आलेले नवे उपकरण बंद होते. सगळे सांगून मोकळ्या होणाऱ्या चित्रफितीत अशी शंका यायला जागाच उरत नाही.

आडवाटेचा मास्तर

बाईंचा वर्ग रत्नागिरीचा आहे, माझी शाळा धडगाव तालुक्यात आहे. माझ्या मुलांची घरची भाषा पावरी, शाळेची मराठी आणि या फाइलीची इंग्रजी. म्हणजे तिसऱ्या भाषेतला मथळा, ‘दशलक्ष’ हे कधी न वापरलेले एकक आणि न पाहिलेला समुद्र, एवढे ओलांडून गेल्यावर मग कुठे तारखा एक दिवसाआड का, हा प्रश्न पडायचा. मागच्या बाकावरच्या ज्या मुलाला तो पडला त्याचे कौतुकच आहे, परंतु एका हुशार मुलावरून शिकवण्याची रीत ठरवू नये.

माझा अनुभव असा, की मुलांना आधी माणसे लागतात. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली २१ जण ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजातून गोव्याहून निघाले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरले. पुढे ‘दक्षिण गंगोत्री’ हे आपले पहिले ठाणे समुद्रावर पसरलेल्या हिमफळीवर उभारले गेले आणि साचत जाणाऱ्या बर्फात हळूहळू गाडले जाऊन १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. ‘मैत्री’ बांधताना मात्र उघडा खडक निवडला गेला, शेजारी पिण्याच्या पाण्याचे तळेही मिळाले. २०१२ मध्ये सुरू झालेले ‘भारती’ तर १३४ मालवाहू कंटेनर जोडून उभे केले आहे. रस्त्यावरून जाणाऱ्या कंटेनरकडे बोट दाखवून मी हे सांगतो, तेव्हा पावरी बोलणारे पोरही विचारते, की पहिले घर गाडलेच कसे गेले? बर्फ साचतो म्हणजे काय, त्याचे वजन किती, तो दबतो की वाहतो, हे सारे त्या एका प्रश्नातून निघते आणि त्यासाठी एकही तक्ता लागत नाही. लागते ती मराठीत नीट लिहिलेली गोष्ट, आणि मला तरी इंटरनेटवर ती दोन ओळींच्या स्पर्धा परीक्षेच्या टिपणापलीकडे सापडलेली नाही.

हिशेबनीस

आकडेवारी हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे मी उत्तरायण यांच्या बाजूने बोलेन अशी अपेक्षा असेल, पण कच्चा आकडा मुलाच्या हाती देण्याची मला धास्ती वाटते. त्याच केंद्राची दक्षिण ध्रुवाची फाइल घ्या. १९७९ पासून २०१४ पर्यंत अंटार्क्टिकाभोवतीचा सागरी बर्फ थोडा थोडा वाढतच होता, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये त्याने प्रथमच २ कोटी चौरस किलोमीटरची मर्यादा ओलांडली. तुमच्या वर्गातील मुलाने तेवढाच तुकडा आलेखावर मांडला तर तो काय निष्कर्ष काढील? पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये तोच बर्फ १७.९ लाख चौरस किलोमीटरपर्यंत उतरून उपग्रहांच्या नोंदीतील नीचांक झाला, हे त्याला तुकडा कुठे कापला यावरून कळेल किंवा कळणारही नाही.

‘विस्तार’ हा शब्दही फसवा आहे. सुमारे २५ किलोमीटर बाजूच्या प्रत्येक चौकटीत किमान १५ टक्के बर्फ असला, की ती सबंध चौकट बर्फाची म्हणून मोजली जाते. जाडीचा त्यात पत्ताच नसतो. हे न सांगता दिलेली फाइल म्हणजे पाकीट वाचून न दाखवता दिलेले औषध आहे.

उत्तरायण

मास्तरांचा एककाविषयीचा आक्षेप रास्त आहे, पण त्या दशलक्षातूनच माझ्या वर्गाचा सर्वांत चांगला तास निघाला. सप्टेंबर २०१२ मध्ये उत्तर ध्रुवाभोवतीचा बर्फ आजवरच्या सर्वांत कमी विस्तारावर आला, तो आकडा फाइलीत ३.३९ असा आहे. ३.३९ दशलक्ष म्हणजे नेमके किती हे कोणालाच उमगेना, म्हणून फळ्यावर त्याचे ३३.९ लाख केले. एका मुलीने पुस्तकातून भारताचे क्षेत्रफळ काढले: ३२.८७ लाख. अख्ख्या उत्तर ध्रुवीय महासागरावर जेमतेम आपल्या देशाएवढा बर्फ उरला होता, हे तिचे तिला सापडले. मीच आधी सांगितले असते तर ती उपमा झाली असती आणि वहीत उतरवून विसरली गेली असती.

हिशेबनीस यांची भीती मला उलट फायद्याची वाटते. २०१४ पर्यंतची चढण मुलांनी पाहावी, चुकीचा निष्कर्ष काढावा आणि पुढची नऊ वर्षे जोडल्यावर तो मागे घ्यावा. मोठ्या माणसांना भ्रमणध्वनीवर अर्धवट आलेख पाठवून रोज फसवले जाते, तेव्हा हा सराव पंधराव्या वर्षी झालेला बरा.

कोरडवाहू

तुम्हा तिघांचा वाद साधनांवर चालला आहे; माझा आक्षेप विषयावरच आहे. मी बीड जिल्ह्यातला पालक आहे. आमच्या मुलांना विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात का आटते, हे शाळेत कोणी शिकवत नाही, आणि तुम्ही नववीचे चार तास आर्क्टिकला देता. बर्फ वितळला की समुद्र वाढतो, एवढे एक वाक्य सांगून पुढे गेले तरी चालण्यासारखे आहे.

इरईकाठ

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही नवलाई नाही, तरीही ध्रुवीय विज्ञान आमच्या पायाखाली आहे. चंद्रपूरजवळ इरई येथे चुनखडकाच्या गुळगुळीत पाठीवर समांतर ओरखडे आहेत. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बाजूला गोंडवन खंडात असताना हिमनदीने पोटाखालचे दगड घासत नेले, त्याच्या त्या खुणा आहेत. बर्फ हटल्यावर जी जंगले वाढली त्यांचा वर्धा खोऱ्यातील कोळसा झाला, आणि त्या थरांत ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने सापडतात. हीच वनस्पती अंटार्क्टिकातही सापडते. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना रॉबर्ट स्कॉट आणि त्यांचे सोबती उपासमारीने व थंडीने मेले, पण गोळा केलेले सुमारे १६ किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत टाकले नव्हते. त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसचे ठसे होते.

त्यामुळे कोरडवाहू यांचा ‘परका विषय’ हा मुद्दा निदान विदर्भापुरता मान्य नाही. आणि उत्तरायण यांनाही विचारावेसे वाटते, की ज्या जिल्ह्यात हिमनदीचे ओरखडे हाताने चाचपता येतात, तेथल्या मुलांना ध्रुव शिकवायला अमेरिकेतली फाइल कशाला? मुलांना पडद्यासमोर बसवण्याआधी बसमध्ये बसवावे.

मध्यरात्रीचा सूर्य

मी नोकरीनिमित्त नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे राहतो. येथे नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. वरील चर्चेत एक गोष्ट राहून गेली, ती नकाशाची. भिंतीवरच्या आपल्या नेहमीच्या नकाशात अंटार्क्टिका ही तळाशी पसरलेली एक पांढरी पट्टी असते. भारताच्या चौपटीहून मोठा, साधारण वर्तुळाकार खंड मुलांना कापडाच्या किनारीसारखा दिसतो आणि तेथील वारा, समुद्रप्रवाह किंवा हिमनद्यांची दिशा यांतले काहीच मग कळत नाही. नॉर्वेच्या ध्रुवीय संस्थेने ‘क्वांटार्क्टिका’ नावाचा नकाशासंच मोफत दिला आहे. त्यात ध्रुव मधोमध ठेवून खडक, बर्फाची जाडी, ठाणी असे थर एकमेकांवर चढवता येतात, आणि ‘मैत्री’ व ‘भारती’ एकमेकांपासून किती लांब आहेत हेही दिसते. मात्र तो काही जीबीचा आहे, संगणकावरच चालतो आणि पहिला आठवडा डोके खातो. शिक्षकाने एकदा स्वतः शिकून दोन नकाशे छापून घेतले तरी पुरे. पेंग्विनांच्या छायाचित्रांवर टिचक्या मारून मोजदाद करायचा ‘पेंग्विन वॉच’ हा उपक्रम मुलांना फार आवडतो, पण त्यातून टिचकी मारण्यापलीकडे काय शिकले, हे मला माझ्या मुलीकडे पाहून अजून कळलेले नाही.

हिशेबनीस

कोरडवाहू यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ग्रीनलंडवरच्या हिमचादरीचे वस्तुमान एवढे प्रचंड आहे, की ती भोवतालचे समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरते. चादर झिजली की ती ओढ सैल होते, ग्रीनलंडच्या आसपास पातळी चक्क उतरते आणि ते पाणी दूरच्या किनाऱ्यांच्या वाट्याला सरासरीहून जास्त येते. ‘ते फार लांब आहे’ हा युक्तिवाद येथे नेमका उलटा पडतो. दुसरे, २०२१ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी आर्क्टिकमधील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि मध्य भारतातील सप्टेंबरची अतिवृष्टी यांत संबंध असू शकतो, असे मांडले आहे. सप्टेंबरात काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात जाते तेव्हा हा विषय बीडचाही होतो.

कोरडवाहू

‘असू शकतो’ यावर मी मुलाचे चार तास देणार नाही. समुद्राचे मात्र पटले. तरीही माझे वाक्य तेवढेच राहते: बर्फ वितळतो, समुद्र वाढतो.

उत्तरायण

तेच वाक्य अर्धे चुकीचे आहे, म्हणून तर चार तास लागतात. स्टीलच्या वाटीत पाणी घ्या, त्यात बर्फाचे खडे तरंगत ठेवा आणि काठापर्यंत पाणी भरा. बर्फ सगळा विरघळला तरी थेंब सांडत नाही. मी ज्या फाइलीविषयी बोलते आहे तो सागरी बर्फ असा आधीच तरंगणारा आहे. पातळी वाढते ती जमिनीवरचा बर्फ समुद्रात आल्याने आणि पाणी तापून फुगल्याने. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी वाटी सांडेल यावर पैज लावली होती, आणि ती सगळी आदल्या आठवड्यात चित्रफीत पाहिलेली होती.

हिशेबनीस

काटेकोरपणासाठी: सागरी बर्फात मीठ फार थोडे असते आणि समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून जड असते, त्यामुळे तरंगता बर्फ वितळल्यावरही पातळी अगदी किंचित वाढते. वाटीत ते दिसणार नाही, परंतु एखाद्या मुलाने मीठ घातलेल्या पाण्याचे काय, असे विचारले तर त्याला गप्प बसवू नये.

आडवाटेचा मास्तर

वाटी आहे, मीठ आहे. बर्फ बाजाराच्या दिवशी गोळेवाल्याकडून भुशात गुंडाळून आणावा लागेल आणि शाळेपर्यंत किती टिकेल हाही मुलांसाठी एक प्रयोगच होईल. इरईकाठ यांची सहल आम्हांला परवडणारी नाही, त्या ओरखड्यांचे एखादे स्वच्छ छायाचित्र शेजारी माणसाचा हात ठेवून काढून मिळाले तर वर्गात लावीन. उत्तरायण बाईंचे म्हणणे मला अजून पूर्ण पटलेले नाही. पहिल्या दिवशी मी जहाजाचीच गोष्ट सांगणार आहे. तक्ता मात्र पाठवा. भ्रमणध्वनीवर नको, छापील पाठवा, मथळे मराठीत असू द्यात, आणि दशलक्षाचे लाख तुम्ही करू नका, ते पोरांनाच करू द्या.